छोटी अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट नीट चालत नाही? आधी वजन बघा, प्रॉपेलर नंतर

ओंटारिओत पीटरबरोच्या दक्षिणेला राइस लेक आहे. उथळ, लांबट तलाव. वारा सुटला की अर्ध्या तासात आखूड, उभ्या लाटा तयार होतात. माझी १४ फुटी रिव्हेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट मी इथेच चालवायला शिकलो आणि तिची जवळजवळ सगळी दुखणीही इथेच कळली. कॅनडात, मिनेसोटा-मिशिगनमध्ये, ऑस्ट्रेलियात राहणारे आपले बरेच लोक मासेमारीसाठी अशी जुनी बोट घेतात. पहिल्याच फेरीत ती नाळ (पुढचं टोक) आपटते, एका बाजूला ओढते किंवा वळणावर इंजिन नुसतंच किंचाळतं, आणि मग प्रश्न पडतो की बोट खराब की आपण. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. सामान चुकीच्या जागी असतं किंवा इंजिन एखादा इंच वर-खाली बसलेलं असतं.

या लेखात सेमी-व्ही तळाची (पुढे व्ही आकाराची, मागे जवळजवळ सपाट) १२ ते १६ फुटी बोट आणि ९.९ ते ३० हॉर्सपॉवरचं, हाताच्या दांड्याने (टिलरने) चालणारं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन, गृहीत धरलं आहे. स्टिअरिंगची बोट असेल तरी तपासणीचा क्रम हाच ठेवा. हा क्रम मी विचार करून लावला आहे: फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, पाना लागणाऱ्या त्यानंतर, पैसे लागणाऱ्या शेवटी. लोक नेमकं उलट करतात. आधी प्रॉपेलर विकत घेतात आणि पेट्रोलची टाकी दोन फूट पुढे सरकवायचं राहून जातं.

सुरुवातीला वही आणि दोरी

दोरी म्हणजे इंजिन बंद करणारी लाल सुरक्षा दोरी, जी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवतात. चाचणी करताना आपण मुद्दाम बोटीला तिच्या वाईट अवस्थेत नेणार आहोत. टिलर हातातून सुटला तर इंजिन एका झटक्यात आडवं वळतं, चालवणारा बाहेर फेकला जातो आणि रिकामी बोट त्याच्याभोवती गोल फिरत राहते. अशा अपघातांत माणसं प्रॉपेलरखाली येतात. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना ही दोरी वापरणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या देशात कायदा असो वा नसो, दोरी लावा. लाइफ जॅकेट सीटखाली ठेवायचं नाही, अंगात घालायचं. इथलं पाणी मे महिन्यातही इतकं थंड असतं की चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात. सोबत एक माणूस घ्या आणि वारा पडलेल्या सकाळी जा.

वहीत चार गोष्टी लिहा: तक्रार नेमकी कोणत्या वेगाला येते, बोटीत कोण कुठे बसलं होतं, इंजिनाची पिन कोणत्या भोकात आहे (ते तिसऱ्या पायरीत बघू) आणि थ्रॉटल किती उघडा होता. वेग फोनच्या जीपीएसवर मोजा, एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा विरुद्ध, आणि सरासरी घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सुरुवातीला एका सकाळी तीन गोष्टी बदलल्या. बोट सुधारली, पण कशामुळे सुधारली हे कळायला पुढचा महिना गेला.

बोटीवरची क्षमतेची पाटीही आत्ताच वाचा. किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर हे तिथे लिहिलेलं असतं. इंजिन त्या आकड्यापेक्षा मोठं असेल तर पुढची कुठलीही जुळवणी करू नका. ते इंजिन त्या बोटीवर नको.

पहिली पायरी: वजन

१४ फुटी उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीचं स्वतःचं वजन बऱ्याचदा १०० ते १२५ किलो असतं. आता मागच्या चार फुटांत काय आहे ते मांडा. फोर स्ट्रोक इंजिन ५५ किलो, टिलर धरून बसलेला माणूस ८० किलो, २५ लिटरची भरलेली पेट्रोलची टाकी जवळपास २० किलो, बॅटरी २० किलो. झाले १७५. म्हणजे अख्ख्या बोटीपेक्षा जास्त वजन तिच्या शेपटीवर बसलं आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या फायबरच्या होडीत लहानपणी बसलेल्यांना हे लवकर पटत नाही, कारण ती होडी स्वतःच जड असते, माणूस इकडचा तिकडे झाला तरी तिला फारसा फरक पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला शेजारच्याने जागा बदललेली लगेच समजते.

जुन्या बोटींच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. १९७०-८० च्या दशकांतल्या बोटी टू स्ट्रोक इंजिनं धरून आखलेल्या होत्या. तेवढ्याच ताकदीचं फोर स्ट्रोक बहुतेकदा जास्त जड असतं आणि ते जास्तीचं वजन अगदी टोकावर येतं.

मागे वजन जास्त असल्याची लक्षणं ओळखायला सोपी आहेत. थ्रॉटल दिला की नाळ आकाशाकडे जाते, समोरचं दिसत नाही आणि बोट पाण्याच्या पाठीवर चढून सपाट व्हायला (ज्याला सगळे प्लेनवर येणं म्हणतात) फार वेळ लावते. चढलीच तर ठरावीक वेगाला नाळ तालात वर-खाली आपटायला लागते, डॉल्फिन पोहतो तशी. इंग्रजीतलं पॉरपॉइझिंग हे नाव पॉरपॉइझ या डॉल्फिनसारख्याच प्राण्यावरून आलं आहे.

उपाय करण्याआधी चाचणी करा. २० लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन पाण्याने भरा, म्हणजे मोजून ४० किलो झाले. ते अगदी नाळेत ठेवून फेरी मारा, मग मधल्या बाकाजवळ ठेवून मारा. आपटणं थांबलं तर दुखणं सापडलं. आता कॅन काढून टाका आणि तेवढाच परिणाम आपल्याच सामानातून मिळवा. पेट्रोलची टाकी मधल्या बाकाखाली आणा. त्यासाठी बोटीच्या इंधनासाठीच बनवलेली लांब नळी घ्या, बागेची किंवा हार्डवेअरच्या दुकानातली साधी नळी चालणार नाही. बॅटरी पुढे न्या. तार लांब होते म्हणून जाड तार आणि बॅटरीजवळच फ्यूज घाला, आणि टाकी व बॅटरी शेजारी शेजारी ठेवू नका. टिलरला लांब दांडा जोडता येतो, म्हणजे तुम्ही स्वतः फूट-दीड फूट पुढे बसू शकता. एकट्याने फिरणाऱ्यांना या दांड्याचा जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही असं माझं मत आहे.

उलटंही होतं. पुढे दोन दणकट मित्र बसवले की नाळ पाण्यात रुतते, बोट नाळेवरच वळायला लागते आणि मागच्या लाटेवर सरकताना अचानक आडवी होते. हे आपटण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. अशा वेळी वेग कमी करून एकाला मागे बोलवा. उभं राहून नाही, बसत बसत.

दुसरी पायरी: न दिसणारं पाणी

वजन नीट मांडूनही बोट सुस्त असेल तर तिच्या पोटात पाणी आहे का ते बघा. बाकांखाली आणि फळीच्या तळाखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. जुना फोम वर्षानुवर्षं ओल धरतो आणि ती सोडत नाही. एक घनफूट जागा पाण्याने भरली की २८ किलो वजन वाढतं.

माझ्या बोटीत हेच होतं. दोन माणसं बसली की ती प्लेनवर यायचीच नाही. मी कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपेलर हिशेबाने जितका पुढे सरकतो ते अंतर) प्रॉपेलर घेतला, थोडा फरक पडला, समाधान मानलं. शरद ऋतूत प्लायवूडचा तळ उचकटला तेव्हा खालचा फोम हाताने पिळता येत होता. पिशव्या भरून घरच्या काट्यावर ठेवल्या, ४० किलोच्या आसपास भरल्या. तो फोम काढून नवीन बंद पेशींचा, सहजी पाणी न शोषणारा फोम घातल्यावर जुनाच प्रॉपेलर पुन्हा लावला आणि बोट तीन माणसांना घेऊन उठली.

तळ न उचकटता तपासायचं असेल तर ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या. भंगाराच्या यार्डात काटा असतो. ट्रेलर आणि इंजिनाचं वजन वजा करून बोटीच्या मूळ वजनाशी ताडून बघा. दुसरी साधी युक्ती: नाळ उंच करून, मागचा प्लग काढून बोट दोन दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशीही थेंब पडत असतील तर आत साठा आहे.

पाणी येतं कुठून हेही शोधा. बोट ट्रेलरवर असताना आत दोन-तीन इंचच पाणी भरा, त्याहून जास्त नाही, कारण पाण्याचं वजन तळाला आणि ट्रेलरला झेपत नाही. मग खाली वाकून ज्या ज्या रिव्हेटमधून थेंब येतो तिथे खडूने खूण करा. एकाने आत जड लोखंड धरायचं आणि दुसऱ्याने बाहेरून रिव्हेट पुन्हा ठोकायची, हा जुना उपाय अजूनही सर्वात चांगला. नुसतं सील फासलं तर एखादा हंगाम निघतो.

तिसरी पायरी: इंजिनाचा कोन

छोट्या आउटबोर्डला क्लॅम्पच्या खालच्या बाजूला चार-पाच भोकं आणि एक आडवी पिन असते. इंजिन त्या पिनवर टेकतं. पिन ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीच्या जवळच्या भोकात गेली की इंजिनाचा खालचा भाग आत येतो आणि नाळ खाली दबते. लांबच्या भोकात गेली की इंजिन बाहेर जातं, नाळ वर उचलली जाते. बरेच लोक विकत घेतलेल्या दिवशी पिन ज्या भोकात होती तिथेच ती आयुष्यभर ठेवतात.

सुरुवात अशी करा: बोट सपाट पळत असताना प्रॉपेलरच्या वरची आडवी पट्टी तळाला समांतर दिसायला हवी. तिथून आपटणं दिसलं तर पिन एक भोक आत घ्या. नाळ रुतत असेल, पाणी पुढूनच दोन्ही बाजूंना उडत असेल, टिलर जड लागत असेल तर एक भोक बाहेर घ्या. पिन बदलताना इंजिन बंद, किल्ली किंवा दोरी काढलेली आणि बोट काठाला बांधलेली असू द्या.

एकटे फिरताना आणि कुटुंबासह फिरताना वेगवेगळं भोक लागू शकतं. वहीत दोन्ही लिहून ठेवा.

चौथी पायरी: इंजिनाची उंची

वळणावर इंजिन अचानक किंचाळतं आणि वेग पडतो, ही तक्रार मला सर्वात जास्त ऐकू येते. प्रॉपेलर पाण्याऐवजी वरची हवा ओढतो म्हणून हे होतं. लोक याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण ती वेगळी गोष्ट आहे: पात्याच्या पाठीवर दाब इतका कमी होतो की तिथलं पाणी थंडच उकळून बुडबुडे होतात, आणि ते फुटताना धातूला खड्डे पाडतात. पात्यावर बारीक टोचे पडलेले दिसले तर कॅव्हिटेशनचा संशय घ्या. नुसता किंचाळण्याचा आवाज असेल तर बहुधा हवा आहे.

मोजायला एक सरळ लाकडी पट्टी पुरते. बोट ट्रेलरवर, इंजिन खाली सोडलेलं. पट्टी तळाला, मधल्या कण्याच्या शेजारी, लांबीच्या दिशेने टेकवा आणि मागे प्रॉपेलरपर्यंत येऊ द्या. प्रॉपेलरच्या वरची ती आडवी पट्टी या रेषेच्या सरळीत किंवा जास्तीत जास्त एक इंच वर असावी. दोन-तीन इंच वर असेल तर हवा ओढणारच. तीन-चार इंच खाली असेल तर इंजिन पाण्यात नांगरासारखं ओढलं जातं, पाणी ट्रान्समवर उसळतं आणि वेग मिळत नाही.

जुनी बोट आणि वेगळं घेतलेलं इंजिन अशी जोडी असेल तर शाफ्टची लांबी आधी मोजा. छोट्या बोटींचे ट्रान्सम साधारण १५ किंवा २० इंचांचे असतात आणि शाफ्टही तशाच दोन लांब्यांत मिळतात. १५ इंची ट्रान्समवर २० इंची इंजिन लागलं की ते पाच इंच खोल जातं. यावर लोक ट्रान्समवर लाकडाचा ठोकळा ठोकून भागवतात. माझा सल्ला आहे की ठोकळ्यावर इंजिन टांगू नका. क्लॅम्पची पकड आणि ट्रान्समवरचा ताण दोन्ही बदलतात. शाफ्ट जुळणारं इंजिन शोधा किंवा त्यासाठीच बनवलेला धातूचा जॅक प्लेट लावा, तोही वजन आणि ताण मोजूनच.

अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीची एक खास अडचण इथेच लपलेली आहे. तळाच्या मधोमध धातूचा कणा असतो, आणि तो थेट प्रॉपेलरच्या समोर संपतो. त्याचं मागचं टोक बोथट असेल तर तिथे पाणी घुसळून फेसाळतं आणि प्रॉपेलरला फेसच मिळतो. सरळ पळतानाही हवा ओढली जात असेल तर आधी इंजिन अर्धा-एक इंच खाली करून बघा. तेवढ्याने भागलं तर कण्याला हात लावू नका. मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर प्रॉपेलरच्या समोर बसवला असेल तर तोही असाच फेस करतो. तो बाजूला सरकवणं हे दहा मिनिटांचं काम.

आडव्या पट्टीवर बसवायचे प्लास्टिकचे पंखही मिळतात. ते आपटणं कमी करतात हे खरं, पण त्यासाठी इंजिनला भोकं पाडावी लागतात आणि मूळ कारण तसंच राहतं. पहिल्या तीन पायऱ्या पूर्ण केल्याशिवाय ते घेऊ नका.

पाचवी पायरी: प्रॉपेलर

आता प्रॉपेलर. पात्यांच्या कडांवर बोट फिरवा. दगडाला लागून वाकलेली किंवा तुकडा गेलेली पाती पूर्ण बोट थरथरवतात. आस फिरवून तीनही पात्यांची टोकं एकाच बिंदूसमोरून जातात का ते बघा. त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा.

इंजिन जोरात फिरतं पण बोट पुढे जात नाही, अगदी सरळ पळतानाही, असं झालं तर मधलं रबरी हब घसरत असेल. प्रॉपेलरच्या आतल्या धातूपासून बाहेरच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि जोरात फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर हब गेलं.

पिचचा निर्णय आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर घ्यायचा, कानाने नाही. नेहमीच्या ओझ्यासह पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती फिरतं ते टॅकोमीटरवर बघा आणि इंजिनच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडा. अनेक छोट्या फोर स्ट्रोक इंजिनांसाठी ती ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असते. कमी भरत असेल तर पिच कमी करा, जास्त होत असेल तर वाढवा. एक इंच पिचने साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. आरपीएम कमी पडत असताना तसंच इंजिन हाकत राहिलं तर ते ओझ्याखाली दमतं, गरम होतं. हे माणसाने चढावर वरच्या गिअरमध्ये सायकल चालवण्यासारखं आहे.

एका बाजूला ओढत असेल तर

आधी बघा की बोट झुकते आहे की ओढते आहे. झुकणं हे वजनाचं काम. टिलर डाव्या हातात धरणारा माणूस उजवीकडे बसतो, म्हणून बॅटरी किंवा टाकी डावीकडे न्या. इंजिन ट्रान्समच्या बरोबर मध्यावर आहे का ते टेपने मोजा आणि क्लॅम्पचे स्क्रू घट्ट करा, शक्य असेल तर आरपार बोल्ट लावा.

झुकत नसूनही टिलर सतत एकीकडे ओढला जात असेल तर आडव्या पट्टीखाली एक छोटा वळवता येणारा पंख असतो, तो बघा. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्या पंखाची मागची कड उजवीकडे वळवा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. हे ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी त्या कडेला विरुद्ध बाजूला ढकलतं. थोडं थोडं वळवा आणि नेहमीच्या वेगाला तपासा. हाच पंख बऱ्याचदा गंज स्वतःवर घेणारा ॲनोडही असतो, म्हणून त्याला रंग लावू नका. टिलरचं घर्षण घट्ट करून खेच लपवणं हा उपाय नव्हे, आणि त्यावर भरवसा ठेवून हात सोडणं तर नाहीच.

सावकाश चालताना सपाट तळाची बोट थोडी डावी-उजवी भटकतेच. ती तिची जात आहे. नाळेत थोडं वजन आणि इंजिन एक भोक आत, एवढं पुरतं.

शेवटची पायरी: तळ आणि ट्रान्सम

इथवर येऊनही आपटणं किंवा रुतणं गेलं नाही तर तळ वाकला आहे का ते बघा. पाच-सहा फुटांची सरळ पट्टी मागच्या टोकापासून पुढे, तळाला टेकवा. मध्ये उजेड दिसला, म्हणजे तळ आत खचला आहे, तर तो नाळ खाली दाबतो. उलट पट्टी मधल्या फुगवट्यावर डुलत असेल तर तळाला पोट आलं आहे आणि आपटण्याचं कारण तेच. हे बऱ्याचदा ट्रेलरमुळे होतं: आधाराच्या लाकडी पट्ट्या ट्रान्समच्या आधीच संपतात आणि इंजिनचं सगळं वजन अधांतरी लटकतं. बोट दुरुस्त करायला देण्याआधी ट्रेलरच्या पट्ट्या ट्रान्समपर्यंत लांबवा, नाहीतर वाकणं पुन्हा येईल. तळ सरळ करणं मात्र अ‍ॅल्युमिनियमचं काम जाणणाऱ्या वेल्डरकडेच द्या.

ट्रान्समच्या आतलं लाकूड कुजलेलं असेल तर वरचा सगळा खटाटोप वाया जातो, कारण कोन आणि उंची चालताना बदलत राहते. इंजिनाचा खालचा भाग धरून पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. ट्रान्सम हलत असेल तर पाण्यात जाऊ नका. नवीन लाकूड घालताना बागेच्या डेकसाठी मिळणारं औषध मारलेलं हिरवट लाकूड वापरू नका. त्यात तांबं असतं आणि ओलीत तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. मरीन प्लायवूडला सर्व बाजूंनी, विशेषतः बोल्टच्या भोकांच्या आतून, इपॉक्सी लावा आणि स्टेनलेसचे बोल्ट सील लावून बसवा.

सगळं जुळलं की एक फेरी नेहमीच्या माणसांसह, नेहमीच्या सामानासह, टाकी पूर्ण भरून मारा. पुढची फेरी टाकी अर्धी असताना. मग थोडा वारा असलेल्या दिवशी काठाजवळ. वहीच्या शेवटच्या पानावर पिनचं भोक, इंजिनाची उंची, प्रॉपेलरचा आकार, टाकीची जागा आणि पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम लिहा, आणि त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. वसंतात बोट पुन्हा पाण्यात सोडताना सर्वात आधी तो फोटो उघडा.